शरण आलेल्यांचे बावीस किल्ले

शशिकलाताई गावंडेंच्या लग्नाला तेहतीस वर्षं झाली आणि त्यात त्यांनी नऊ गावं बदलली. नवरा वामनराव केंद्र सरकारच्या एका कंपनीत. दर तीन-चार वर्षांनी बदलीचा कागद यायचा. दोघंही मूळचे अमरावतीकडचे. भिलाई, रांची, कोरबा, जयपूर असं करत करत ते चंदिगडला आले आणि सेक्टर बावीसमध्ये, बाजाराच्या मागच्या गल्लीत, आमच्या खालचा मजला त्यांनी घेतला. वरच्या मजल्यावर मी एकटी राहते, विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवते. जिन्यात मराठी ऐकू आलं म्हणून मी खाली डोकावले, तर ताईंनी खोकी तशीच सोडून मला पिठलं-भाकरीला बसवून घेतलं.

"मैत्रिणी सगळ्याच गावात होतात," त्या एकदा म्हणाल्या. "पण बदली झाली की दोन दिवाळ्या फोन येते. तिसऱ्या दिवाळीले नुसतं दिव्याचं चित्र येते."

दुपारचं जेवण आटोपलं की ताई बाल्कनीत उन्हाला टॅब घेऊन बसायच्या. मला वाटायचं मालिका बघत असतील. एकदा वाकून बघितलं तर पडद्यावर नदी, डोंगर, आणि डोंगराडोंगरावर किल्ले. ताई एका बोटाने घोडदळ पुढे सरकवत होत्या.

कोरब्याला असताना त्यांचा घोटा मोडला होता. सहा आठवडे पाय उशीवर. तेव्हा लेक क्षितिजाने वेळ जावा म्हणून हा खेळ घालून दिला होता. क्षितिजा स्वतः चार दिवसांत कंटाळली, ताई पाच वर्षं खेळत राहिल्या. खेळ असा, की प्रत्येकाला एक किल्ला मिळतो. भोवती शेतं, खाणी, चौक्या. सैन्य उभं करायचं आणि आजूबाजूच्या खेळाडूंशी युती करायची. खेळणारी सगळी खरी माणसं, देशभरातली. एकटा किल्ला दोन दिवस टिकत नाही, म्हणून सगळा भरवसा युतीवर. ताई पन्नास जणांच्या युतीच्या प्रमुख होत्या. त्यात लखनौचा दंतवैद्य होता, कोईमतूरच्या दोघी बहिणी होत्या, लष्करातून निवृत्त झालेला एक सुभेदार होता. सगळे त्यांना 'ताईजी' म्हणत.

"गाव बदललं तरी हे लोक बदलत नाहीत पाह्य," ताई म्हणायच्या. "किल्ला जिथल्या तिथंच."

या खेळात शरण जायची सोय कंपनीने केलेलीच नव्हती. हरणाऱ्याचा किल्ला जळेपर्यंत जाळायचा, एवढंच. पण खेळणाऱ्यांनी आपापसात एक रीत पाडली होती, आणि ती पाडण्यात ताईंचा हात मोठा. हरलेल्याने किल्ल्यावर पांढरा झेंडा चढवायचा, बाहेरच्या चौक्या जिंकणाऱ्याला द्यायच्या आणि विश्वास म्हणून आपलं सगळं सैन्य नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला पाठवून द्यायचं. जिंकणाऱ्याने मग तीस दिवस त्याच्या मुख्य किल्ल्याला हात लावायचा नाही आणि सगळ्यांसमोर त्याची टिंगल करायची नाही. तीस दिवसांत माणूस पुन्हा उभा राहतो. या चार ओळी ताईंनी हिंदीत लिहून युतीच्या फलकावर लावल्या होत्या. इतर युत्यांनीही त्या उचलल्या.

राजस त्यांना या खेळातच सापडला. लढाईच्या ऐन गर्दीत कुणीतरी गटात लिहिलं, "वाट लागली!" ताईंनी लगेच विचारलं, कुठला रे तू? तो निघाला सांगलीचा, आणि राहत होता आमच्यापासून अर्ध्या तासावर, मोहालीत सेक्टर एक्क्याऐंशीला. नॉलेज सिटीतल्या एका संस्थेत पीएचडी करत होता. वय सव्वीस.

"मेसचं खाऊन खाऊन काय होऊन राहिलं असन त्याचं," म्हणून ताईंनी त्याला रविवारी बोलावलं. त्या रविवारी त्याने गोळे घातलेली कढी चार वाट्या प्यायली. पुढे दर रविवारी यायला लागला. वामनरावांचा रक्तदाब मोजायचा, गॅसची टाकी बदलायचा, माझ्या सूक्ष्मदर्शकाचा दिवासुद्धा त्यानेच दुरुस्त केला. हुशार होता, बोलायला गोड होता, आणि खेळ त्याला ताईंपेक्षा जास्त कळत होता. वर्षभरात ताईंनी त्याला उपप्रमुख केलं. रविवारी दुपारी दोघं टॅबवर डोकं घालून बसायचे आणि वामनराव मला म्हणायचे, "आपल्या घरात दोन सेनापती आन एक आचारी. आचारी मी."

गेल्या नोव्हेंबरात त्यांची गिलसाहेबांच्या युतीशी लढाई झाली. हरभजन गिल म्हणजे कुरालीच्या शाळेतले निवृत्त कवायत शिक्षक. त्यांच्या युतीत अवघे बावीस जण, आणि बहुतेक सगळे त्यांचे जुने विद्यार्थी. काही गावात, काही कॅनडात ट्रक चालवणारे. भातकापणीच्या दिवसांत गावातली पोरं शेतात अडकली आणि गिलसाहेबांची फळी फुटली. त्यांचा आवाजी निरोप आला तेव्हा मी तिथेच होते. जाडा, शांत आवाज.

"बहनजी, सफ़ेद झंडा चढ़ा दिया है जी. फ़ौज सारी समंदर वाले कोने में भेज दी. बच्चों ने चार साल में बनाए हैं ये क़िले. बाक़ी आप सयाने हो."

ताईंनी टॅब तोंडाजवळ धरला. "गिल साहब, तीस दिन कोई हाथ नहीं लगाएगा. मेरी ज़बान है."

त्यावर गिलसाहेबांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मग दुसरा निरोप आला, की बहनजी, कधी कुरालीला आलात तर ताजं लोणी आहे घरी.

या गोष्टीला नऊ दिवस झाले आणि ताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू बराच पिकला होता. पीजीआय रुग्णालयात ऑपरेशन नीट झालं, पण एक टाका घालावा लागला. डॉक्टरांनी सांगितलं, आठ दिवस मोबाईल नाही, टॅब नाही, टीव्ही नाही. डाव्या डोळ्यालाही ताण द्यायचा नाही. ऑपरेशनचं ताईंनी गिलसाहेबांनाही बोलता बोलता सांगितलं होतं.

प्रमुख आठ दिवस गप्प बसला तर युती विस्कटते. ताईंनी राजसला आपला पासवर्ड सांगितला. माझ्यासमोर सांगितला. नुसता अधिकार दिला नाही, टॅबच त्याच्या हाती दिला. "माह्याच नावानं चालव," म्हणाल्या. "लोकायले वाटलं पाहिजे ताईजी आहे."

त्या आठवड्यात राजस रोज संध्याकाळी पाचला यायचा. आधी साबणाने हात धुवायचा, मग ताईंच्या डोळ्यात थेंब घालायचा. थेंब घातल्यावर ताई डोळे मिटून आडव्या असायच्या आणि तो शेजारी खुर्चीत बसून टॅबवरचे निरोप वाचून दाखवायचा. दंतवैद्याने काय विचारलंय, कोईमतूरच्या बहिणींचं काय चाललंय. ताई हसायच्या, उत्तरं सांगायच्या, तो टाइप करायचा. चौथ्या दिवशी मी चहा घेऊन खाली गेले तेव्हा तो वाचत होता, "गिलसाहेब विचारतायत, बहनजींचा डोळा कसा आहे?"

"बघ बाप्पा!" ताई मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या. "शत्रू विचारून राहिला, आन माह्या सख्ख्या भावाचा फोन नाही. सांग त्यायले, बरा आहे म्हणा. लोणी खायले येतो म्हणा डोळा सुधरला की."

राजसने टाइप केलं. निदान बोटं तरी हलवली.

आठव्या दिवशी तो टॅब न घेताच आला. राजस म्हणाला, चार्जर बिघडलाय, उद्या आणतो. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. फोनही लागेना. संध्याकाळी त्याच्या संस्थेतला एक मुलगा खाली दाराशी टॅब देऊन गेला. आत चिठ्ठी नाही, काही नाही.

ताईंनी चष्मा लावला, टॅब उघडला. मग मला हाक मारली. "नेत्रा, जरा खाली ये. माह्या डोळ्याले काही होऊन राहिलं का पाह्य."

डोळ्याला काही झालं नव्हतं. नकाशावर गिलसाहेबांचे बावीस किल्ले होते तिथे बावीस काळे डाग होते. प्रत्येक डागाखाली तो किल्ला कुणी जाळला त्याचं नाव खेळच लिहितो. बावीस ठिकाणी एकच नाव होतं, ताईंचं. सैन्य नकाशाच्या दुसऱ्या टोकाला पाठवून निर्धास्त बसलेले किल्ले होते ते. दोन तासांत संपले होते. तारीख बघितली, तर ऑपरेशननंतरचा चौथा दिवस. त्याच संध्याकाळी राजसने थेंब घातले होते.

ताईंची युतीही राहिली नव्हती. पन्नासातले एकोणचाळीस जण उत्तरेकडच्या सगळ्यात मोठ्या युतीत निघून गेले होते, आणि त्या युतीच्या सेनापतींच्या यादीत राजसचं नाव झळकत होतं. तिथे शिरायचं तर काहीतरी करून दाखवावं लागतं. त्याने बावीस किल्ले दाखवले होते.

मग ताईंनी गिलसाहेबांचे निरोप उघडले. नऊ होते. त्यांनी एकेक करून सगळे ऐकले आणि मला उठू दिलं नाही.

पहिला शांत होता. "बहनजी, लगता है कोई ग़लती हो गई. आपकी फ़ौज हमारी तरफ़ आ रही है." दुसऱ्यात आवाज जरा घाईचा. तिसरा, चौथा. पाचव्यात मागे कुणी पोरं ओरडत होती आणि गिलसाहेब म्हणत होते, "एक बार बोल तो दो जी, आप ही हो ना?" आठव्यात कुणी बोललंच नव्हतं, नुसता ट्रॅक्टरचा आवाज. नववा सगळ्यात छोटा होता. "चलो जी. कोई गल नहीं." त्यानंतर त्यांनी ताईंचं नाव बंद करून टाकलं होतं. आता त्यांना निरोप जात नव्हता.

डोळ्याविषयी विचारणारा निरोप त्यात कुठेच नव्हता. ताईंनी दोनदा वरपासून खालपर्यंत शोधला.

वामनराव म्हणाले, "जाऊ दे ना. खेळ आहे. दुसरा किल्ला बांध." ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते उठून आत गेले आणि थोड्या वेळाने गुपचूप कुकर लावल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई काळा चष्मा घालून माझ्या दारात उभ्या. "मले त्या नॉलेज सिटीत घेऊन चाल. एकटीले रस्ता दिसत नाही."

आम्ही रिक्षाने गेलो. संस्थेच्या कँटीनबाहेर बसलो आणि आत जाणाऱ्या एका मुलीबरोबर निरोप धाडला. वीस मिनिटांनी राजस आला. पांढरा कोट तसाच अंगावर. मला बघून थबकला, मग हसला.

"काकू! अहो, उन्हात कशाला आलात? डोळा सांभाळायला हवा."

"बस," ताई म्हणाल्या.

तो बसला. ताई काही विचारायच्या आधीच बोलायला लागला. मोठ्या युतीने कसं दोन्ही बाजूंनी घेरलं होतं, आज ना उद्या आपल्याला गिळलंच असतं, त्यांनी स्वतःहून बोलावलं, अट एकच होती. "आणि गिल आपला शत्रूच होता ना, काकू? ही डिप्लोमसी आहे. सगळे असंच खेळतात. तुम्ही फार मनाला लावून घेताय."

"त्यायनं झेंडा लावला होता."

"झेंड्याचा नियम गेममध्ये नाहीये काकू. तो आपण बनवलेला."

"हो. आपणच बनवलेला," ताई म्हणाल्या. "तुले जायचं होतं तर तुह्या नावानं जायचं. माह्या नावानं काहून केलं?"

राजसने टेबलावरचा कागदी पेला फिरवला. "पासवर्ड तुम्हीच दिला होता," तो हळू म्हणाला. "माझ्या एकट्याच्या सैन्यात ते झालं नसतं."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. ताईंचा आवाज मात्र चढला नाही. त्या पुढे झुकल्या.

"मले एकच सांग. किल्ले गेले ते गेले. मी डोळे मिटून पडली होती आन तू वाचून दाखवत होता. गिलसाहेब विचारतात, डोळा कसा आहे. हे त्यायनं कधी लिहिलं?"

राजसने पेला बाजूला सारला.

"त्या दिवशी त्यायचे किल्ले जळून राहिले होते. ते विचारत होते, आप ही हो ना. आन तू मले काय वाचून दाखवलं?"

"तुम्हाला टेन्शन नको म्हणून..." तो म्हणाला, आणि वाक्य पुरं केलं नाही. मग घड्याळ बघितलं. "काकू, माझा प्रयोग चालू आहे आत. मी रविवारी येतो ना, बोलू."

ताई उठल्या. परतीच्या वाटेवर त्या चष्म्याआडून रस्त्याकडे बघत बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, लोणी खायले येतो म्हणा. कोणाले सांगत होती मी?" आणि तेव्हा रडल्या. डोळा ओला होऊ द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून मी रुमालाचं टोक धरून बसले. दुसरं काय करणार होते.

घरी येऊन त्यांनी टॅब उघडला आणि स्वतःच्या किल्ल्यावर पांढरा झेंडा चढवला. सैन्य नकाशाच्या टोकाला पाठवून दिलं. मग सगळ्या खेळाडूंना दिसतं त्या ठिकाणी हिंदीत लिहिलं. मी त्यांना मात्रा दुरुस्त करून द्यायला बसले होते, पण त्यांनी तसंच पाठवलं. 'गिल साहब के बाईस क़िले मेरे नाम से जले. मैंने नहीं जलाए, पर चाबी मैंने दी थी. मैं गिल साहब की शरण में हूँ. मेरा क़िला उनका.'

पहिल्या मिनिटाला हसण्याची चित्रं आली. कुणी लिहिलं, आंटी नाटक करतेय. लखनौच्या दंतवैद्याने चार शब्द बाजूने लिहिले, पण ते बाकीच्यांच्या चिडवण्यात वाहून गेले. गिलसाहेबांकडून काही आलं नाही. तासाभरात उत्तरेकडून घोडदळ निघालेलं दिसलं. पांढऱ्या झेंड्यावर चालून येत होतं. ताई हात मांडीवर ठेवून बघत होत्या. पाच वर्षांचा किल्ला सात-आठ मिनिटं जळत होता. खाली नावं उमटली, सहा जणांची. चौथं राजसचं होतं. या वेळी त्याने स्वतःचं नाव वापरलं होतं.

"बंद करा ताई," मी म्हणाले.

"थांब. पुरतं होऊ दे."

तीन दिवसांनी कॅनडाहून कुणा अनोळखी मुलाचा निरोप आला. गिलसरांचा विद्यार्थी होता. त्याने लिहिलं होतं, की सरांनी खेळ फोनवरून काढून टाकलाय, आता खेळणार नाहीत. तुमचं लिहिलेलं मी त्यांना फोनवर वाचून दाखवलं. ताईंनी विचारलं, मग काय म्हणाले? उत्तर आलं, 'सरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, यह भी किसी और ने लिखा हो तो?'

ताईंनी ते मला दाखवलं आणि टॅब पालथा ठेवला. "बरोबर आहे त्यायचं," म्हणाल्या. "मी असती तर मीबी हेच म्हटलं असतं."

उरलेल्या दहा जणांनी नवी युती काढली आणि ताईंना प्रमुख व्हा म्हणून फार गळ घातली. कोईमतूरच्या बहिणींनी फोन केला. ताईंनी सगळ्यांशी प्रेमाने बोलून नाही म्हटलं. एक मात्र केलं. जानेवारीत एका रविवारी वामनरावांना घेऊन त्या कुरालीला गेल्या. शाळेत विचारून गिलसाहेबांचं घर शोधलं. साहेब घरी नव्हते, मुलीकडे लुधियान्याला गेले होते. त्यांच्या सुनेने चहा पाजला. ताईंनी आपलं नाव सांगितलं नाही, नुसतं म्हणाल्या, ओळखीचे आहोत, नमस्कार सांगा. "नाव सांगितलं असतं तर तिनं चहा पाजला असता का, कोणाले माहीत," त्या मला नंतर म्हणाल्या.

मार्चमध्ये एका दुपारी बेल वाजली. मी त्या वेळी खालीच होते, आम्ही पापड वाळत घालत होतो. दारात राजस, आणि त्याच्यामागे जरीच्या काठाची साडी नेसलेल्या त्याच्या आई. सांगलीहून पहिल्यांदाच लेकाकडे आल्या होत्या. त्यांनी आत आल्या आल्या ताईंचे दोन्ही हात धरले.

"याच्या तोंडी सारखं काकू, काकू असायचं हो. परक्या मुलखात तुम्ही याला घर दिलंत. तुम्हाला भेटल्याशिवाय मी परत जायची नाही, म्हटलं."

राजस फरशीकडे बघत उभा होता. ताईंनी त्या बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. शिरा केला. सांगलीच्या हळदीविषयी, त्यांच्या सांधेदुखीविषयी विचारलं. त्यांनी आणलेला खण कपाळाला लावून घेतला. तासभर त्या बसल्या आणि ताईंनी एका शब्दानेही त्यांना काही कळू दिलं नाही. राजसच्या पुढ्यातही ताईंनी शिऱ्याची बशी ठेवली. त्याने दोन चमचे खाल्ले.

निघताना आईंनी ताईंना वाकून नमस्कार केला आणि जिना उतरायला लागल्या. राजस उंबऱ्यात रेंगाळला. त्याचे कान लाल झाले होते.

"काकू, येतो," तो म्हणाला.

आमच्याकडे याला एकच उत्तर असतं, ते लहान पोरालाही येतं. राजस त्याची वाट बघत उभा राहिला. ताई त्याच्याकडे बघत होत्या, दोन्ही डोळ्यांनी, नीट.

"आईले धरून ने," त्या म्हणाल्या. "तिसरी पायरी फुटलेली आहे."

आणि त्यांनी दार लावून घेतलं.